हंगामी कायम : साखर कारखान्यातला पगारदार आणि मराठी साहित्य

तीन वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवत होते. गिरणगावातल्या चाळीतले धुरी कुटुंब, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, क्रिकेटमध्ये रमलेला दुसरा, गुंडगिरीकडे वळलेला तिसरा, आणि या सगळ्यांना धरून ठेवू पाहणारी आई. शोकात्म जाणीव, वास्तववादी नेपथ्य, परीक्षेला येणारे सगळे मुद्दे फळ्यावर झाले होते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, गिरणी चालू होती तेव्हा धुरींच्या घरात महिन्याला पगार किती यायचा?"

वर्ग हसला. मी १८ जानेवारी १९८२ सांगितली, संपावर गेलेले अडीच लाखांच्या आसपासचे कामगार सांगितले, डॉ. दत्ता सामंत सांगितले, एकाच संघटनेला प्रतिनिधी मानणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदाही सांगितला. त्याने ऐकून घेतले आणि तो खाली बसला. त्याला आकडा हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता. 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आले. ते पगार संपल्यावरचे नाटक आहे, आणि मोठे नाटक आहे. पण त्या दिवसापासून मी मराठी साहित्यात पगार शोधते आहे. म्हणजे दारिद्र्य नव्हे, शोषण नव्हे, लढाही नव्हे. ज्यात घर चालते, दोन मुले शिकतात, पतसंस्थेचा हप्ता जातो आणि दिवाळीला बोनसमधून पंखा येतो, असा कारखान्यातला साधा पगार.

हा शोध माझ्यासाठी निव्वळ वाङ्मयीन नाही. माझे वडील पॅनमन होते. श्रीगोंद्यातले नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात. लग्नानंतर मी इथे आले, तर इथेही तोच भोंगा. घोड आणि कुकडीच्या पाण्याने हा तालुका उसाचा केला. आज नागवडे यांच्या नावाने ओळखला जाणारा श्रीगोंदा सहकारी कारखाना आणि पिंपळगाव पिसा येथील कुकडी कारखाना यांच्या गाळपावर इथल्या बाजारपेठेचे वर्ष ठरते. बाहेरच्यांना श्रीगोंदे शेख महंमदांमुळे माहीत असते. इथल्या किराणा दुकानदाराला मात्र विचारा, हंगाम कधी सुटतो आणि पगार कधी होतो हे त्याला तोंडपाठ असते.

पॅनमन म्हणजे काय हे मराठीच्या प्राध्यापकांनाही सांगावे लागते. उसाचा रस स्वच्छ होऊन, आटून, दाट होऊन निर्वात पॅनमध्ये येतो. तिथे त्याचा दाणा धरायचा असतो. दाणा लवकर धरला तर साखर बारीक पडते, उशीर झाला तर खोटा दाणा येतो आणि मळीत साखर जाते. वडील पॅनला जोडलेल्या दांड्याने नमुना काढत, काचेच्या पट्टीवर पसरत, दिव्यासमोर धरून पाहत, मग अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळत. हे सगळे काही क्षणांत. मापक यंत्रे आली तरी पट्टी काही सुटली नाही. घरी गव्हाचे पीठ आणले की तेही ते तसेच बोटांत चोळून पाहायचे आणि आई चिडायची. हे कौशल्य कुठल्या पदवीचे नव्हते. मदतनीस म्हणून लागलेला दहावी नापास माणूस पंधरा-वीस हंगामांत 'कुशल' किंवा 'अतिकुशल' वर्गवारीत जाई आणि त्याचा पगार माध्यमिक शिक्षकाच्या जवळपास पोचे. खेड्यातल्या माणसाला शेत न विकता आणि मुंबईला न जाता मध्यमवर्गात जाण्याची ही एक वाट होती.

ही वाट आपोआप पडलेली नव्हती. १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासमोर प्रश्न ऊसउत्पादकाचा होता, कामगाराचा नव्हता. कामगाराला पगाराचे माप मिळाले ते १९५७ साली केंद्राने नेमलेल्या साखर उद्योगाच्या वेतन मंडळामुळे, त्यानंतरच्या मंडळांमुळे, आणि पुढे राज्यात सरकार, कारखाने आणि संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीतून झालेल्या करारांमुळे. हंगाम संपल्यावर कुशल माणूस निघून जाऊ नये म्हणून त्याला बिनकामाच्या महिन्यांतही काही रक्कम द्यायची, हा रिटेन्शन भत्त्याचा विचार याच काळातला. त्यातूनच 'हंगामी कायम' हा अजब शब्दप्रयोग रूढ झाला. एखाद्या कवीला सुचला असता तर आपण त्यावर प्रबंध लिहिले असते. कारखान्याच्या टाइम ऑफिसला सुचला, म्हणून आपल्या नजरेस आला नाही.

आता साहित्याकडे येते. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून (१९३३) मराठी कादंबरीला गिरणी माहीत आहे. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केले, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या 'माझे विद्यापीठ'ने (१९६६) कामगाराला मराठी कवितेचा नायकच केले. पण हा कामगार मुंबईचा. 'कामगार साहित्य' म्हटले की आपल्याला चाळ, खानावळ आणि मोर्चा दिसतो. दुसरीकडे सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली. तिने खेडे म्हणजे शेत असे धरले. ते त्या वेळी स्वाभाविक होते, कारण शेतकऱ्याचे खरे जगणे तोवर पुरते लिहिले गेलेच नव्हते. मात्र या दोन चौकटींच्या मधल्या फटीत एक माणूस राहिला. दोन एकर कोरडवाहू, सायकलवर डबा, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आणि खिशात पगाराची चिठ्ठी. कामगार साहित्याला तो खेडूत वाटला आणि ग्रामीण साहित्याला पगारदार.

साखर कारखाना मराठी कलेत आलाच नाही असे नाही. डॉ. जब्बार पटेल यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' (१९७५) आहेच. हिंदुराव धोंडे पाटील आणि मास्तर यांच्यातला तो सामना मराठी सिनेमाने केलेले सहकारी सत्तेचे सर्वांत धारदार वाचन आहे. तिथे कारखाना म्हणजे सत्ता. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचा शोध हाच त्या चित्रपटाचा कणा. पॅनवर उभा असलेला माणूस त्या गोष्टीला लागत नाही, लागायचे कारणही नाही. तक्रार 'सामना'बद्दल नाही, त्यानंतरच्या अर्ध्या शतकाबद्दल आहे. गव्हाणीच्या एका टोकाला आपण चेअरमन लिहिला. दुसऱ्या टोकाला, उशिरा का होईना, ऊसतोड मजूर लिहिला. त्याचा कोयता, त्याची उचल, त्याच्या बायकोचे शरीर लिहिले, आणि ते लिहायलाच हवे होते. गव्हाणीत मोळी पडल्यानंतर ती पोत्यात साखर होऊन बाहेर येईपर्यंतचा कारखाना मात्र आपल्या साहित्यात जवळजवळ बंद आहे.

काही वर्षे मी कारखान्यांच्या स्मरणिका आणि वार्षिक अहवाल जमवते आहे. वाङ्मय म्हणून त्यांची कोणी दखल घेत नाही, पण या माणसाचा मागमूस लागला तर तिथेच लागतो. स्मरणिकेत संस्थापकांचे पूर्ण पान, संचालकांचे गोल फोटो, मग मानपत्रे, आणि शेवटाकडे कधी एक सामूहिक छायाचित्र. खाली फक्त 'कामगार वर्ग'. बाकी सर्वांना नावे, यांना वर्ग. अहवालात तो 'पगार व भत्ते' या ओळीत असतो. अलीकडच्या अहवालांत त्या ओळीइतकाच दुसऱ्या एका ओळीवर डोळा ठेवावा लागतो, ती म्हणजे ठेकेदारांना दिलेल्या रकमांची. एका ओळीतला माणूस दुसऱ्या ओळीत गेला की तो खर्च राहतो, कामगार राहत नाही. कथनशास्त्रातले कुठलेही पुस्तक पात्र नाहीसे करण्याची इतकी सफाईदार रीत शिकवत नाही.

राज्यातल्या त्रिपक्षीय करारांत मिळालेली वाढ पाहिली तर २०१४च्या कराराला पंधरा टक्के, २०१९च्या कराराला बारा, २०२४च्या कराराला दहा. प्रत्येक करार पाच वर्षांचा आणि सही नेहमी मुदत उलटून गेल्यावर. २०१९पासूनचा करार २०२१ साली झाला, २०२४पासूनचा २०२५ साली. महागाई भत्ता वेगळा असतो, तेव्हा एवढ्यावरून पगार घसरला म्हणणे घाईचे होईल. पण उतरता जिना दिसतो. त्याहून मोठी गोष्ट या टक्क्यांच्या बाहेर आहे: टक्के ज्यांना लागू होतात ती माणसेच कमी होत आहेत. वडिलांच्या पिढीतला फिटर निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही, काम ठेक्याने दिले जाते. कोणाला काढलेले नसते. म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

हे फक्त साखरेचे नाही. देशभरच्या संघटित कारखान्यांची वार्षिक पाहणी सांगते की २०००च्या सुमारास दर पाच कामगारांत एक ठेकेदाराकडचा होता. २०२२-२३पर्यंत हे प्रमाण पाचात दोन झाले. कारखान्यात जे मूल्य नव्याने निर्माण होते त्यातला कामगारांच्या वेतनाचा वाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो २००७-०८च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आसपास आला. पुढे थोडा सावरला, पण जुन्या पातळीच्या जवळपासही गेला नाही. ठेका कामगारांचा कायदा १९७० सालचा. तो ठेक्याचे नियमन करण्यासाठी आणि काही ठिकाणी तो बंद करण्यासाठी झाला होता, ही आठवण आता विनोदासारखी वाटते.

श्रीगोंद्याची मुले आज रांजणगावला आणि सुप्याला जातात. पहाटे चौकात कंपनीची बस येते. गाडीचे सुटे भाग, फ्रीज, वातानुकूलन यंत्रे. वडिलांच्या कारखान्यापेक्षा किती तरी आधुनिक, स्वच्छ, थंड. गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, कधी तोच शेड. वर्गात पगार विचारणारा तो मुलगा असाच दुसऱ्या पाळीला जात होता. हातात तेरा हजार यायचे. खोलीभाडे, मेस आणि मोबाइलचा हप्ता गेल्यावर घरी पाठवायला काय उरे ते त्याने मला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले होते. तेव्हा मला कळले की धुरींच्या पगाराचा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. त्याला तुलना करायची होती. नाटकातले घर कोसळले, म्हणजे ते आधी उभे होते; किती उंचीवर उभे होते, एवढेच त्याला हवे होते.

इथे मला वाटते मूळ अडचण सापडते. आपल्या समीक्षेला पडझड कळते ती घटनेच्या रूपात. संप, टाळेबंदी, अपघात, आत्महत्या. १९८२ला तारीख आहे, म्हणून 'अधांतर' लिहिता येते. वीस वर्षांत एकेक करून न भरलेल्या जागांना तारीख नाही. वडील 'कायम' होते आणि हा मुलगा नाही, या दोन वाक्यांच्या मध्ये कुठलाच प्रसंग नाही. शिवाय आपल्याला पगाराची थोडी लाजही आहे. माझ्या पिढीतल्या अनेक लेखकांचे शिक्षण वडिलांच्या कारखान्यातल्या पगारावर झाले, पण अर्पणपत्रिकेत आईचे खुरपे येते, वडिलांची पगारचिठ्ठी येत नाही. माझ्या पीएच.डी.च्या ऋणनिर्देशातही नाही. दुःखाला साहित्यात पत आहे, बऱ्यापैकी चाललेल्या घराला नाही. आणि जे घर बऱ्यापैकी चाललेले कधी लिहिलेच नाही, ते हळूहळू खालावले तर वाचकाला कसे कळणार?

हे सगळे मी इतरांबद्दल लिहिते आहे, पण यात माझाही हात आहे. त्याच वर्षी मी महाविद्यालयाच्या नियतकालिकाची संपादक होते. त्या मुलाने चार पानी लेख दिला होता, 'दुसरी पाळी' नावाचा. त्यात तो बसमध्ये बसतो, कार्ड दाखवतो, आठ तास एकच स्क्रू बसवतो, चहाच्या दहा मिनिटांत कायम कामगारांच्या टेबलापासून लांब उभा राहतो, कारण त्यांचे कूपन वेगळे आणि याचे वेगळे. मग बस, मग खोली. शेवटच्या परिच्छेदात महिन्याचा हिशोब. मी लाल पेनाने समासात लिहिले, 'निवेदन चांगले, पण घटना नाही. काहीतरी घडायला हवे,' आणि लेख परत केला.

आठवड्याने त्याने नवा लेख आणून दिला. आता शेवटी हिशोब नव्हता. मशिनमध्ये एका सहकाऱ्याचे बोट जाते, रक्त, धावपळ, ठेकेदार हात झटकतो. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. तो आम्ही छापला, त्याला विभागीय स्पर्धेत बक्षीसही मिळाले. बक्षीस घेऊन आला तेव्हा मी विचारले, तो मित्र आता कसा आहे, कामावर जातो का?

"कुणाचंच बोट गेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, काहीतरी घडायला हवं."

पहिला लेख मी त्याच्याकडे पुन्हा मागितला. तो त्याने ठेवलेला नव्हता.