साच्याचे ऋण

मूर्तिकलेविषयी लिहिताना आपण रूप, लय, भाव यांची चर्चा करतो. साच्याविषयी मात्र मौन पाळतो. साचा हे कारागिराचे काम, रसिकाला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी आपली समजूत आहे. अलीकडे सभागृहांतून आणि चौकांतून रेझिनचे जे अर्धपुतळे उभे राहत आहेत, त्यांतले पुष्कळसे पाहिले म्हणजे ही समजूत किती महागात पडते ते कळून येते. गालावरून गेलेली सांध्याची रेघ, नाकाच्या शेंड्यावर बुडबुड्याने पडलेला खळगा, तो लपविण्यासाठी घासून सपाट केलेली त्वचा! लोक नावे ठेवतात ती रेझिनला. अपराध असतो साच्याचा.

रेझिन हे मोठे आज्ञाधारक द्रव्य आहे. सिलिकॉन रबराच्या चांगल्या साच्यात मूळ मातीवरचा बोटाचा ठसाही उतरतो आणि रेझिन तो जसाच्या तसा उचलते. साच्यातली चूकही ते तितक्याच निष्ठेने जपते. म्हणून जाणता साचाकार आधी हवेचा विचार करतो. रबर तो एका कोपऱ्यातून, बारीक धारेने ओततो. रेझिन तळापासून वर चढावे आणि कोंडलेली हवा उंच टोकांवरच्या बारीक वाटांनी निघून जावी, अशी साच्याची मांडणी करतो. सांधा कोठे यावा हा तर शिल्पदृष्टीचाच प्रश्न होय. तो केसांच्या वळणात, पदराच्या दुमडीत लपविणारा मनुष्य मूर्ती वाचीत असतो. रोदँने (१८४०–१९१७) काही कृतींवर सांध्याच्या रेघा मुद्दाम राखल्या; त्या रेघांमागे विचार होता. आपल्या पुतळ्यांवरील रेघांमागे केवळ घाई दिसते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही घाई विशेष नडते. पॉलियुरेथेन रेझिनला हवेतला ओलावा लागला की वायू सुटून ते फसफसते आणि मूर्तीचे अंग आतून जाळीदार होते.

नव्या पुतळ्याचा साचा बिघडला तर दुसरा करता येईल. जुन्या प्लास्टरच्या कृतींचे तसे नाही. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' (१८९६) प्लास्टरचीच आहे. प्लास्टर सच्छिद्र असते. योग्य लेप न देता त्यावर रबर ओतले, तर रबरातील तेल मुरून कायमचे डाग पडतात. रबर काढताना पृष्ठभागाचे कपचेही निघू शकतात. अशा वेळी प्रतिकृतीच्या हौसेपायी मूळ कृतीच गमवावी लागेल. मूळ वाचविण्यासाठी प्रतीवरूनच प्रत काढावी, तर दर पिढीगणिक रेषा बोथट होत जाते.

यास्तव पुतळ्याखालच्या पाटीवर देणगीदारांच्या नावांबरोबर साचाकाराचेही नाव असावे, असे मी सुचवितो. नाव आले की जबाबदारी येते. आणि ज्याने सांधा लपविला, त्याचे ऋण निदान एका ओळीने तरी फिटते.