नकलेचा ताळा

पायथॉन या संगणकभाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत ‘शूटिल’ नावाचे एक प्रकरण आहे. फाइलींची नक्कल कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. नाशिकच्या एखाद्या शाळेत विंडोज सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमधून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या फाइली पायथॉनने आणायच्या, तर शिक्षकांना हेच प्रकरण उघडावे लागेल. म्हणून त्यांच्या दृष्टीने आम्ही ते वाचले.

प्रकरणाचा मोठा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. आरंभीच इशारा आहे, की या आज्ञांनी फाइलीबद्दलची सर्व माहिती उतरत नाही. विंडोजवर फाइलीचा मालक आणि कोणाला कसली परवानगी ही नोंद मागेच राहते. ‘कॉपी’ने मजकूर येतो, पण फाइल शेवटी कधी बदलली ती वेळ येत नाही, ‘कॉपी-टू’ ती राखण्याचा प्रयत्न करते. काम मुदतीत झाले का हे पाहणाऱ्या शिक्षकाला हा फरक माहीत हवा.

उणीव जाणवते ती नेटवर्कविषयी. सामायिक फोल्डरचा पत्ता दोन बॅकस्लॅशने, म्हणजे उलट्या तिरक्या रेघांनी, सुरू होतो. पायथॉनमध्ये मात्र ही रेघ खुणेचे काम करते. आरंभीच्या दोन रेघांची एकच उरते. पुढे रोमन लिपीत लहान अक्षरांनी ‘नाशिक’ लिहिले, तर ‘एन’ची नवी ओळ होते, ‘ठाणे’ लिहिले, तर ‘टी’चा टॅब होतो! अवतरणचिन्हाआधी ‘आर’ लिहिला की अडचण मिटते. हे त्याच पुस्तिकेच्या प्राथमिक पाठात आहे. ‘कॉपी’च्या वर्णनात नाही.

दुसरा प्रश्न परवानगीचा. ‘कॉपी’ला पासवर्ड देता येत नाही, आज्ञावली ज्याच्या नावाने चालते त्याचीच परवानगी लागू होते. हे उमगले नाही, की फोल्डर सर्वांना खुला करून टाकण्याचा मोह होतो. तो महागात पडू शकतो. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. विंडोजच्या याच फाइलवाटप व्यवस्थेतील जुना दोष आणि चोरलेले पासवर्ड यांच्या आधारे तो उपद्रव एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. म्हणून नक्कल करणाऱ्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर ‘कॉपी’ ती न विचारता पुसून नवी ठेवते. पुस्तिका हे एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते. दोन विद्यार्थ्यांनी फाइलीला ‘प्रात्यक्षिक १’ हेच नाव दिले आणि दोन्ही एकाच फोल्डरात आणल्या, तर पहिल्याचे काम आपल्या प्रतीतून नाहीसे होईल, आणि चूक झाल्याचा संदेशही येणार नाही.

गणितात उत्तर आले तरी ताळा करायला आपण शिकवतो. तोच नियम इथे लावावा: प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा फोल्डर द्यावा, फाइली मोजाव्यात आणि पायथॉनच्याच ‘हॅशलिब’ने मूळ फाइल व नक्कल यांचे ठसे जुळवावेत. प्रकरणात ही चार वाक्ये असती, तर ते शिक्षकांच्या अधिक उपयोगी पडले असते. तोवर ती वर्गात आपणच सांगावीत.