चौकोनी गळ्याचा कमीज

लंडनच्या ईलिंग भागातल्या साउथॉल ब्रॉडवेवर दुकानादुकानांत सलवार-कमीज टांगलेले असतात. पण ज्या सलवार-कमीजचं वर्णन मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं, ते एका निकालपत्रात आहे. लंडनच्या उत्तरेला असलेल्या ल्यूटनमधल्या डेनबी हायस्कूलचा तो गणवेश. तिथली विद्यार्थिनी शबिना बेगम हिच्या खटल्याचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, 22 मार्च 2006 रोजी दिला. त्यात न्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांनी हा पोशाख शिंप्याच्या नजरेनं टिपला आहे: बिनबाह्यांचा कमीज, आतली कॉलर नि टाय दिसेल असा चौकोनी गळा, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, घोट्याशी निमुळती होणारी सलवार.

त्या गळ्यापाशी थांबावं. टाय इंग्रजी शाळेचा, कमीज दक्षिण आशियातला. दोघांनाही नीट दिसता यावं एवढी जागा तिथे सोडली आहे. हे एकट्या शिंप्याचं काम नव्हे. इंग्लंडमध्ये गणवेश शाळेचं नियामक मंडळ ठरवतं, आणि डेनबीत तो ठरवताना पालक, विद्यार्थी, शिक्षक आणि स्थानिक मशिदींचे इमाम या सगळ्यांशी बोलणं झालं होतं. तेव्हाच्या मुख्याध्यापिका यास्मिन बेव्हन स्वतः बंगाली मुस्लिम घरातल्या. शाळेत तेव्हा सुमारे 79 टक्के मुलं मुस्लिम, तरी हा पोशाख हिंदू आणि शीख मुलीही घालत. मला यातलं सौंदर्य इथेच दिसतं: धर्माच्या मर्यादेसाठी बेतलेलं कापड साऱ्या वर्गाचं झालं.

सप्टेंबर 2002 मध्ये जवळपास चौदा वर्षांची शबिना जिलबाब, म्हणजे अंगभर सैल झगा, घालून आली. वयात आलेल्या मुलीला सलवार-कमीज पुरेसा नाही, ही तिची श्रद्धा. धर्मजाणकारांची मतंही एक नव्हती. जिलबाबला मुभा मिळाली तर आपल्यावरही दबाव येईल, ही शाळेतल्या काही मुलींची भीती. शाळेनं गणवेशाचा आग्रह सोडला नाही, वाद न्यायालयात गेला, आणि यात शबिनाची जवळजवळ दोन वर्षं बुडाली.

पाचही न्यायाधीशांचा कौल शाळेकडे गेला, सूर मात्र वेगळे. तिघं म्हणतात, तिच्या धर्मस्वातंत्र्याला बाधाच आली नाही, जिलबाब चालणारी दुसरी शाळा होती. हे मला फार कोरडं वाटतं. बॅरोनेस हेल, लॉर्ड्समधल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, इथे अडखळतात, आणि ते अडखळणंच निकालातलं सर्वांत सुंदर लेखन आहे. प्रौढ स्त्रीनं स्वखुशीनं एखादी जीवनपद्धती स्वीकारली तर वेगळी वाट निवडलेल्या स्त्रियांनीही तिला अडवू नये, असं त्या ठाम लिहितात. शाळकरी मुलीबद्दल लिहिताना मात्र त्या जपून पावलं टाकतात. तिची निवड खरंच तिची किती, हे विचारतात. पण वाढत्या वयातल्या मुलीच्या निवडीलाही मान द्यावा लागतो, हे विसरत नाहीत. शाळा तरी तिनं कुठे निवडली होती, ती बहुधा पालकच निवडतात, ही साधी गोष्ट त्यांना नोंदवावीशी वाटली. म्हणून बाधा आली हे त्या मान्य करतात, आणि मगच, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना आपली पूर्ण क्षमता गाठायला मदत करणं हे शाळेचं काम आहे, या आधारावर गणवेशाच्या बाजूनं मत देतात.