२५६ ठिपक्यांची कोंबडी

मराठी माणूस कशाचीही समीक्षा करू शकतो. नाटकाची करतो, लग्नातल्या मठ्ठ्याची करतो, आणि शेजाऱ्याने गॅलरीला दिलेल्या रंगाची तर कुणी न विचारताही करतो. त्यामुळे पुतण्याने जेव्हा, "काका, मी एक कोंबडी केलीय, जरा बघून सांगता का?" असं विचारलं, तेव्हा मी लगेच चष्मा पुसायला घेतला. 'कोंबडी केलीय' हे वाक्य आमच्या घरात आजवर फक्त रविवारी आणि फक्त स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. ही कोंबडी मात्र कॉम्प्युटरवर केलेली होती. सोबत रस्सा नव्हता.

खेळाचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो साडेचार वर्षं खपून २०१६ साली बाजारात आणला. चित्रं त्याचीच, संगीत त्याचंच, संवादही त्याचेच. पूर्वी नाटक कंपनीचे मालक असं करायचे, पण ते निदान तबलजी तरी बाहेरून आणायचे. खेळातला नायक कचेरीतल्या नोकरीला विटून आजोबांच्या शेतावर येतो, मुळे-बटाटे लावतो आणि कोंबड्या पाळतो. कोंबडी ८०० मोहरांना मिळते. मूळ खेळात पांढरी नि तपकिरी अशा साध्या कोंबड्या आहेत. शिवाय एक निळी आहे, पण ती मिळवायला दुकानदारणीच्या दारुड्या भाच्याशी घट्ट मैत्री करावी लागते. एक काळीही आहे. तिचं अंडं रात्री चेटकीण खुराड्यावरून उडत जाताना टाकून जाते.

इतक्या वाणांवर मुलांचं समाधान होईना. ती आपापल्या जाती बनवून खेळात घालू लागली, आणि २०२४ च्या मार्चमधल्या नव्या आवृत्तीने तर हे काम फारच सोपं करून टाकलं. कोंबडीचं एकेक चित्र १६ ठिपके लांब नि १६ ठिपके रुंद, म्हणजे उण्यापुऱ्या २५६ ठिपक्यांत चोच, तुरा, शेपूट आणि चेहऱ्यावरचा भाव बसवायचा. आमच्या चिरंजीवांनी त्यात कडकनाथ बसवला होता.

आता कडकनाथ म्हणजे झाबुआकडचा मानी प्राणी. २०१८ साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळसर. पुतण्याने तो झकास उतरवला होता. मान वळवण्याची ऐट तर अशी की मी मनातल्या मनात टाळी दिली. फक्त अंडंही त्याने काळंकुट्ट रंगवलं होतं.

"कडकनाथचं अंडं काळं नसतं रे," मी म्हणालो. "फिकट बदामी असतं."

"काका, काळ्या कोंबडीचं बदामी अंडं? लोकांना पटणार नाही."

वास्तव लोकांना पटत नाही ही नाटककारांची जुनी तक्रार आहे, म्हणून मी तो मुद्दा सोडला. पण निळ्या कोंबडीचा सोडवेना. स्पेनमधून आलेली निळी अँडलूशियन नावाची खरीखुरी जात आहे. तिची मौज अशी की निळा कोंबडा नि निळी कोंबडी यांची पिल्लं सगळी निळी निघतच नाहीत. साधारण निम्मी निळी, पाव हिस्सा काळी आणि पाव हिस्सा ठिपकेदार पांढरी. शंभर पिढ्या निवड करा, हिशोब तोच. १९०२ साली इंग्लंडात बेटसन नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवून दिलं की मेंडेलचे वाटाण्याचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. ज्या पक्ष्याने आनुवंशशास्त्राला हात दिला, त्याच्या रंगाचा मामला खेळात दारुड्याच्या मैत्रीवर सोपवलाय!

मग मी कोंबडीची कुंडली मागितली. प्रत्येक जातीची एक यादी लिहावी लागते. पिल्लू किती दिवसांत मोठं होणार, किती दिवसांनी अंडं देणार, विकत केवढ्याला, आवाज कोणता. लिंगाचाही रकाना आहे. मला बरं वाटलं. पण चौकशीअंती कळलं की त्या रकान्याने फक्त खरेदीनंतर दिसणाऱ्या वाक्यात फरक पडतो. वंशवृद्धीशी त्याचा संबंध नाही. पिल्लं उबवणीयंत्रातून येतात. या अख्ख्या दरीत कोंबडा नाही, आणि तरी रोज सकाळी सहाला त्याची बांग ऐकू येते! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे ठाऊक होतं. इथे कोंबडंच नाही आणि तरी उजाडतंय. नायकाने सगळी भूमिका विंगेतून करावी तसा प्रकार.

इथवर चेष्टा झाली. माझा खरा आक्षेप पुढे आहे.

आमच्या आजीच्या कोकणातल्या घरी एक तांबडी कोंबडी होती. पंधरा-वीस अंडी झाली की ती खुडूक व्हायची. अंगाची पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची, जवळ जाणाऱ्याला टोचायची, अन्नपाण्याला नावापुरती उठायची. आजी मग तिच्याखाली अंडी ठेवून तिला रवणीला बसवायची. एकवीस दिवस घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. या काळात तांबडी एकही अंडं देत नसे, आणि आजीही मागत नसे.

पुतण्याला म्हटलं, "तुझ्या यादीत खुडूक होण्याचा रकाना घाल."

"म्हणजे तेवढे दिवस अंडं नाही?"

"नाही."

"मग काका, अशी कोंबडी घेणार कोण?"

आणि इथे माझ्यातला समीक्षक गप्प झाला, कारण हे वाक्य त्याच्या कितीतरी आधी बोललं गेलेलं आहे. पांढरी लेगहॉर्न अशाच प्रश्नातून घडली. खुडूक होणाऱ्या कोंबड्या पिढ्यान् पिढ्या बाजूला काढत गेले. आज ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आणि अंड्यावर बसावं हे तिला सहसा सुचतच नाही. गावठी कोंबडी साठ-सत्तर देऊन थांबते. कोंबडा नसलेलं खुराडंही काही बरोनसाहेबांची कल्पना नव्हे. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं निरुपयोगी, म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारून टाकतात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने त्यावर बंदी घातली. किती दिवसांत मोठी, किती दिवसांनी अंडं, केवढ्याला, ही पुतण्याची यादी धंदेवाल्यांनी कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती. खेळ उलट जास्त दयाळू आहे. तिथे कोंबडी कापता येत नाही, ती म्हातारी होऊन मरत नाही, आणि तिला रोज एकदा कुरवाळावं लागतं. पिंजऱ्यातल्या लेगहॉर्नला कोण कुरवाळतं?

तेव्हा माझं परीक्षण असं. रंगभूषा उत्तम. मानेची ऐट अप्रतिम. अंड्याचा रंग बदलावा. नायिकेला स्वभाव दिलेला नाही, पण तो दोष लेखकाच्या वयाचा नसून काळाचा आहे.

पुतण्या मनावर घेणाऱ्यातला निघाला. दोन दिवसांनी त्याने 'तांबडी' नावाची नवी जात दाखवली. तुरा किंचित वाकडा, डोळ्यांत संशय. आजीने ओळखली असती. अंड्याच्या रकान्यापाशी मात्र तो अडून बसला होता.

"काका, इथे काय लिहू?"

"मर्जी असेल तेव्हा."

"इथे फक्त आकडा चालतो," तो म्हणाला. बराच वेळ विचार करून त्याने तिथे ५ लिहिलं, आणि किंमत मात्र लेगहॉर्नच्या दुप्पट ठेवली.