नऊ महिन्यांचे वेतन, बारा महिन्यांचे काम

अमेरिकी विद्यापीठांचे विभाग पीएच.डी. करणाऱ्यांसाठी नियमपुस्तिका काढतात. चिकित्सा मानसशास्त्राच्या, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, अशा पुस्तिका मी काही वर्षे वाचतो आहे. मी या विषयाचा पदवीधर नाही. तिकडे शिकणारी माझी भाची पहिल्याच उन्हाळ्यात घरी येऊ शकली नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मामा, सुट्टी आहे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि नाही असंही लिहिलेलं नाही." तिथून हे वाचन सुरू झाले.

परीक्षा, प्रबंध, श्रेयांक यांबद्दल या पुस्तिका काटेकोर असतात. उन्हाळ्याचा विषय आला की मात्र अनेकींची भाषा सैल पडते. संशोधन चालू ठेवणे 'अपेक्षित' असते. ही अपेक्षा कोणाची, किती तासांची, हे वाक्य सांगत नाही.

या संदिग्धतेला इतिहास आहे. १९४९ च्या ऑगस्टअखेरीस कोलोरॅडोतील बोल्डर येथे दोन आठवड्यांची परिषद भरली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि उपचारकही, ही भूमिका तिथे पक्की झाली. भूमिका उदात्त होती. पण तिने विद्यार्थ्याला दोन धनी दिले. सत्रात दोघांनाही वर्गांचे वेळापत्रक आवरते. उन्हाळ्यात वर्ग संपतात आणि मोकळ्या वेळेवर प्रयोगशाळा व क्लिनिक दोन्ही हक्क सांगतात. शेवटच्या टप्प्यात इंटर्नशिपच्या अर्जांची भर पडते. ते शरद ऋतूत जातात, म्हणून तयारी उन्हाळ्यातच करावी लागते.

यातले काम अनाठायी नाही. रुग्णाचे दुखणे सत्र पाहून थांबत नाही. क्लिनिक चालू राहिलेच पाहिजे. माझा आक्षेप हिशेबावर आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेसाठी किमान तीन पूर्णवेळ शैक्षणिक वर्षे आणि इंटर्नशिप लागते. शैक्षणिक वर्ष साधारण नऊ महिन्यांचे. अनेक सहायकवृत्त्याही तेवढ्याच काळाच्या असतात. घरभाडे मात्र बारा महिने द्यावे लागते.

परदेशी विद्यार्थ्याची कोंडी आणखी वेगळी. एफ-१ व्हिसावर सत्रात विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येते, सुट्टीत पूर्णवेळही. पण बाहेर हॉटेलात राबून भाडे काढण्याची मुभा नाही. आवाराबाहेरचे प्रशिक्षणही परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणजे ज्याच्या घरून पैसे येतात, त्याचा उन्हाळा निभतो. बाकीचे कर्ज काढतात किंवा अभ्यासक्रम सोडतात. गरिबी जवळून पाहिलेला उपचारक रुग्णासमोर बसणार की नाही, हे अशा तीन महिन्यांत ठरू शकते.

मी भाचीला म्हटले, "अपेक्षा लेखी माग." ती म्हणाली, "मामा, ज्यांच्याकडे मागायची, तेच माझं शिफारसपत्र लिहिणार."

म्हणूनच ही मागणी विद्यार्थ्यावर सोडता येत नाही. किती आठवडे काम, आठवड्याला किती तास, पैसे कोण देणार आणि रजा किती, हे विभागाने प्रवेशाआधीच पुस्तिकेत छापावे. त्यासाठी एक पान पुरेल. माणसाच्या मनावरचे ताण मोजायला शिकवणाऱ्या विभागाला आपल्या विद्यार्थ्याचे तास मोजणे अवघड नसावे.