बायोडेटात सीडी-फोर

एचआयव्हीवरच्या आपल्या बहुतेक सिनेमांचा कणा म्हणजे एक कागद. रिपोर्ट येतो, घरात रडारड होते, शेजारी दार लावून घेतात, नोकरी जाते आणि शेवटी माणूस जातो. महेश मांजरेकरांचा ‘निदान’ (२०००) घ्या. रक्त चढवताना मुलीला लागण होते, शिवाजी साटम आणि रीमा तिचे आईबाप. दोघांचं काम आजही बघवत नाही इतकं खरं आहे. पण मुलीचं काहीच चुकलेलं नाही हे सिनेमाला इतकं ठासून सांगायचंय, की त्याच्या मागे दुसरं वाक्य आपोआप ऐकू येतं: बाकीच्यांचं मात्र चुकलेलं असतं.

ओनीरचा ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) याहून धीट. निखिलला लागण कशी झाली याचा हिशोब तो मांडत बसत नाही. त्यामागे गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाची खरी हकिकत आहे. १९८९ साली रक्तदानानंतर डॉमिनिक पॉझिटिव्ह निघाला, पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. गुन्हा काहीच नव्हता, पण कायदा तसा होता. १९९२ साली तो गेला. त्या काळाबद्दल सिनेमा करायचा तर शेवट मृत्यूच असणार, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. हा सिनेमा आला त्याच्या वर्षभर आधी, १ एप्रिल २००४ ला, सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली होती. त्याआधी २००१ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स साडेतीनशे डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे ज्या वर्षी आपण थिएटरात बसून रडत होतो, त्या वर्षी गोळी आलेली होती. नंतर ती गोळी जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचली, नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यांतही. गोष्ट मात्र तिथेच राहिली. आमच्या कामात म्हणतात तसं, सर्व्हरवर डेटा बदललाय आणि फोन अजून कॅशमधलं जुनं पान दाखवतोय.

म्हणून मला ‘लव्हसिक’ (२०१७) हा माहितीपट महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅन किम आणि प्रिया गिरी देसाई यांनी तो केलाय. केंद्रस्थानी डॉ. सुनीती सॉलोमन, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. १९८६ साली भारतातली पहिली एचआयव्ही बाधा त्यांच्या देखरेखीखाली सापडली. नमुने गोळा करत हिंडली ती मात्र त्यांची विद्यार्थिनी, सेलप्पन निर्मला, आणि हे नाव पुष्कळदा गळतं म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. १९९३ साली डॉक्टरांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं.

सिनेमा सुरू होतो तेव्हा या बाई काय करतायत? लग्नं जुळवतायत. बाधित मुलासाठी बाधित मुलगी. धर्म, शिक्षण, उत्पन्न आणि त्याच ओळीत सीडी-फोर, म्हणजे विषाणू ज्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो त्यांची रक्तातली संख्या. आपल्याकडे बायोडेटात उंची, देवक, मामाचं गाव आणि पॅकेज असतं (माझ्या बायोडेटात पॅकेज वडिलांनी ठळक अक्षरात टाकलंय), त्यात आणखी एक रकाना. हसू येतं आणि लगेच थांबतं. कारण या हास्यास्पद रकान्यातच सिनेमाचा सगळा मुद्दा आहे: हा माणूस मरणार नाहीये, त्याला संसार करायचाय, आणि संसार म्हटला की स्थळ आलं, नातेवाईक आले, धर्म आला, पगार आला. विषाणूने यातलं काहीही पुसलेलं नाही. आजारापुढे सगळे सारखे, हे आपलं आवडतं वाक्य हा सिनेमा न बोलता खोटं पाडतो.

पण एका ठिकाणी तो माझ्या मते जास्त थांबायला हवा होता, आणि त्यासाठी दुसरा एक मजकूर शेजारी ठेवून वाचावा लागतो. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एचपीटीएन ०५२ या चाचणीचा निबंध आला. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येकात एक बाधित आणि एक नाही. भारतातून पुणे आणि चेन्नई. चेन्नईत काम कुठे चाललं होतं? डॉ. सॉलोमन यांच्याच केंद्रात. निम्म्या जोडप्यांतल्या बाधिताला लगेच औषध दिलं. बाकीच्यांना सीडी-फोर २५० पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सशी संबंधित आजार दिसल्यावर. समुपदेशन आणि कंडोम सगळ्यांनाच. जोडीदाराच्याच विषाणूमुळे लागण झालेली २८ माणसं निघाली. त्यांतली २७ थांबलेल्या गटातली, लगेच औषध मिळालेल्या गटातलं एक. संसर्ग ९६ टक्के कमी. परीक्षण मंडळाने निकाल लगेच जाहीर करायला लावला आणि सगळ्यांना औषध देऊ केलं.

शोधनिबंधाला साहित्य म्हणून वाचायची सवय आपल्याला नाही, पण वाचून बघा. ‘जोडीदाराशी जोडलेला नाही’ असा एक प्रकार त्यात येतो. विषाणूच्या जनुकांची तुलना केली आणि कळलं की काहींना लागण घरातून झालीच नव्हती. एवढंच. पुढे काही नाही. त्या रात्री त्या घरांत काय बोलणं झालं असेल, ते निबंधाचं काम नाही, कादंबरीचं आहे. आणि त्या २७ घरांचं काय? तेव्हाच्या नियमांप्रमाणे थांबणं गैर नव्हतं, थांबल्याशिवाय पुरावा मिळाला नसता, हेही कळतं. तरी तो आकडा मला गिळवत नाही.

पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं: औषध नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला होत नाही. २०१७ पासून भारतातही सीडी-फोर किती आहे ते न बघता, निदान झालं की औषध सुरू करतात.

म्हणजे बाधिताने बाधिताशीच लग्न करावं, याला वैद्यकीय कारण उरलेलं नाही. हे डॉ. सॉलोमनना कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? तरी त्या तशीच स्थळं जुळवत राहिल्या. माझा अंदाज असा, की त्यांना अडचण रक्तातली दिसत नव्हती, सोयरिकीतली दिसत होती. बाधित नसलेल्या घरात हे सांगणार कोण आणि सांगितल्यावर पाहुणे चहा तरी घेतील का? सिनेमाचा खरा ताण इथे होता. प्रेमळ डॉक्टर आजीच्या ऊबेत तो थोडा विरघळलाय. २०१५ साली त्या गेल्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांना आता विचारताही येणार नाही.

आमच्या भागात हा प्रश्न चेन्नईसारखा गुळगुळीत इंग्रजीत येत नाही. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. २००९ मध्ये ती मुलं गावच्या शाळेत जायला लागली, तर गावकऱ्यांनी आपली पोरं घरी ठेवली. शिकलेला-अडाणी असा भेद त्यात नव्हता, सगळ्यांच्या डोक्यात तेच कॅशमधलं पान होतं. तीच मुलं पुढे मोठी झाली, त्यांची लग्नं लागली, बातम्या आल्या. वेळेवर औषध घेतलेल्या आईचं बाळ बाधेशिवाय जन्मू शकतं, हे आता रोजच्या कामातलं वैद्यक आहे.

या सगळ्यावर मराठीत सिनेमा करायचा तर खलनायक कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. एसटीतून आणा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आपल्या जिल्ह्याचं केंद्र टाळून दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जाणारी माणसं असतात. नांदेडहून लातूरला जायचं, रांगेत उभं राहायचं, गोळ्यांची बाटली पिशवीत तळाशी टाकायची, आणि परतीच्या गाडीत शेजारी नेमका गावचाच माणूस येऊन बसतो. इकडं कुठं, म्हणतो.