डेक्कन एज्युकेशन सोसायटी व ‘स्वार्थत्याग’ : एक टिपण

१ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. त्याच्या संस्थापकांविषयीं आजवर जें गौरवपर लेखन झालें आहे त्यांत ‘स्वार्थत्याग’ हा शब्द इतक्या वेळां येतो कीं, त्याचा अर्थ विचारण्याचेंच वाचक विसरतो. कोणीं काय टाकलें, कोणत्या आदर्शानें टाकलें, व टाकल्यावर हातीं काय उरलें, हे प्रश्न भिन्न आहेत. चरित्रकारांनीं त्यांची खिचडी केली आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे आधींपासूनच शिक्षक. त्यांनीं सोडली ती सरकारी शाळेंतील चाकरी, अध्यापन नव्हे. आगरकर व वामन शिवराम आपटे हे एम्. ए. झालेले, सरकारी खात्यांत मानाची जागा मिळण्यास त्यांस अडचण नव्हती. टिळक मात्र १८७९ सालीं कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले होते. अधिक प्राप्तीचा धंदा हातीं असतां त्यानें शिक्षकी पत्करली, हें वाक्य अक्षरशः लागू पडतें तें त्यांसच. ही इतरांची निंदा नव्हे. परंतु चौघांचा त्याग एकाच मापानें मोजणें हें संशोधन नव्हे.

आदर्शाविषयीं तर मौजच आहे. या मंडळीस आश्रमांतील ऋषींची उपमा देण्याचा प्रघात आहे. १८९० च्या डिसेंबरांत टिळकांनीं संस्था सोडण्याचीं कारणें सांगणारें जें विस्तृत इंग्रजी निवेदन दिलें, त्यांत दाखला आहे तो जेसुइट पाद्र्यांच्या निर्धनतेचा व आत्मसंयमनाचा! मूळ कागद एक सांगतो व गौरवकार दुसरेंच लिहितो.

प्राचीनांचा दाखलाच हवा असेल तर तो तरी नीट द्यावा. मनूनें वेतन घेऊन शिकविणाऱ्या भृतकाध्यापकास श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. या कसोटीस न्यू इंग्लिश स्कूलचे चालक उतरणार नाहींत, आणि प्रस्तुत लेखक तर मुळींच नाहीं. कालिदासाची दृष्टि अधिक सूक्ष्म आहे. मालविकाग्निमित्राच्या पहिल्या अंकांत केवळ उपजीविकेसाठीं विद्या बाळगणाऱ्यास ज्ञानाचा वाणी ठरविणारा गणदास हा स्वतः राजाचा वेतनभोगी नाट्याचार्य आहे. त्याच अंकांत या आचार्यांच्या वेतनावरून विदूषक थट्टाही करतो. वेतन घेणें निराळें व विद्येचा व्यापार मांडणें निराळें, हा भेद त्यांतून निघतो. सोसायटीचा नियम याच भेदावर उभा होता. १८८४ सालीं सोसायटी स्थापन झाली. आजीव सभासदानें सुमारें ७५ रुपये मासिक वेतनावर २० वर्षें काम करावें असें ठरलें. वेतन नको असें कोणींच म्हटलें नव्हतें. मर्यादा हवी, इतकेंच.

ती मर्यादाच पुढें कलहाचें मूळ झाली. संसार वाढले, तेव्हां वेतन वाढावें असें एका पक्षाचें म्हणणें, व त्यांत आगरकर होते. नियम सैल झाला कीं पाया ढळला, फावल्या वेळांत बाहेरची प्राप्ति नको, असें टिळकांचें. त्यांचें निवेदन प्रामाणिक आहे, पण तें एका पक्षाची कैफियत आहे. टिळकभक्त त्यास इतिहास मानतात. आगरकरभक्त तें उघडीतच नाहींत. आमच्या मतें दोहोंकडून अन्याय होतो. आगरकर १८९५ सालीं, वयाच्या चाळिशीच्या आंतच, प्राचार्यपदावर असतां वारले. दम्यानें पोखरलेल्या गृहस्थानें संसाराची काळजी केली म्हणून तो त्यागांत उणा ठरत नाहीं.

येथें एक गोष्ट चरित्रांत ओझरती येते, ती अधिक मोलाची आहे. संस्था सोडल्यावर टिळकांनीं वकिलीचा धंदा केलाच नाहीं. वकिलीच्या परीक्षार्थींसाठीं वर्ग चालवून ते चरितार्थ मिळवीत. जो कायदा त्यांनीं टाकला म्हणतात, तोच शिकवून घर चाललें! टाकली ती विद्या नव्हे, तिचा बाजार. गणदास या माणसास ओळखता.

परंतु हातीं काय उरलें, याचें उत्तर अशा तर्कानें मिळणार नाहीं. १८९९ सालीं सीनियर रँग्लर झालेले परांजपेही परत येऊन ७५ रुपयांवरच फर्ग्युसन कॉलेजांत लागले. त्या दोन दशकांत या रकमेचें मोल तेंच राहिलें काय? पगारपत्रकें व फीचीं रजिस्टरें यांवांचून हें कळावयाचें नाहीं. मोडीचा चतकोर तुकडाही आपण कापडांत बांधून ठेवतों; शाळांची दप्तरें मात्र रद्दींत जातात. एका शाळेंतील जुनीं हजेरीबुकें वाण्याकडे पुड्या बांधण्यास गेलेलीं आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, १८८० ते १९०० या काळांतील पुण्यांतील वाण्याच्या खतावण्या अथवा घरखर्चाच्या वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तांदूळ, तूप, सरपण व घरभाडें यांचे भाव तारीखवार उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावे.